मागच्या चाकावरची दोन बोटं

कुणी म्हणालं, मालक, उद्या लग्नाला येता का, तर साधा माणूस विचारील कुणाचं लग्न, कुठल्या गावाला, टाळी कधी लागणार. आमचे घरमालक विचारायचे, "मागं कोण कोण बसणार?" ते कळेपर्यंत पुढं एक अक्षर नाही. नुसती नावं सांगूनही भागायचं नाही. "थोरला का धाकटा? धाकटा आसंल तर चालतंय. थोरल्यानं औंदा लई अंग धरलंय." समोरचा बापडा आमंत्रण द्यायला आलेला, त्याला वाटायचं आपण कुठं येऊन पडलो. एवढी चौकशी कशासाठी, तर गाडीची मागची उंची लावायला.

मी सोलापूरची. ईटला हायस्कूलवर शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले. घर हवेशीर, पाण्याला तोटा नाही, मालकीणबाई बोलायला गोड. इतकं चांगलं घर रिकामं कसं पडलंय, हे मी गावात कुणाला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कुणी सांगितलं नसतं. फुकटची मजा कोण घालवील?

मालक साठीच्या घरातले. बागायत होती, पण ती धाकटे भाऊ बघायचे, त्यामुळं यांना दिवसभर उद्योग नव्हता आणि सगळा घोटाळा तिथंच होता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, आणि पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर ग्रीसचे काळे गोल. मालकीणबाईंना मी मावशी म्हणायचे. मावशींनी ते गोल धुवायचा नाद कधीच सोडून दिला होता. "पांढरं कापड घ्यायचं आन् गुडघ्यावर रांगायचं. ह्यांच्यापरीस तान्हं पोर बरं, ते निदान थोरलं तरी हुतंय," असं त्या मला जिन्यात सांगायच्या.

गाडी पुण्याहून आणलेली, जुनी, पांढरी, चांगली लांबलचक सेडान. आधीचा मालक कुणी हौशी तरुण होता. त्यानं कंपनीचे स्प्रिंग आणि शॉकअप काढून बाजारातले दुसरे घातले होते, गाडी जमिनीलगत बसवणारे. पुण्यात याची फॅशन आहे म्हणे. गाडी पहिल्यांदा ईटमध्ये शिरली तेव्हा गावाला वाटलं मागचे स्प्रिंग तुटलेत. लोक रीतसर सांत्वनाला आले. "फसवलं की मालक तुमाला," म्हणून हळहळले, चहा पिऊन गेले. मालकांना मात्र ती गाडी बघता क्षणी आवडलेली. "गाडी कशी बसलेली पायजे. रवंथ करत बसलेल्या बैलावानी. हुबी गाडी बगितली की मला वाटतंय, ही आता मला सोडून चालली."

बसलेली गाडी ईट ते भूम रस्त्यावर चालवायची म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं ज्याच्या दारावरून रस्ता जातो तो आपापला गतिरोधक आपण घालतो. कुणी मुरमाचा, कुणी सिमेंटचा, एकानं तर जुन्या पाइपावर माती ओढली होती. जेवढं घर तालेवार तेवढा उंचवटा मोठा. मालक प्रत्येक उंचवट्यावर गाडी तिरकी घ्यायचे, एक चाक आधी, एक चाक मग, खिडकीतून मुंडी बाहेर काढून. मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे आणि शेवटी शिव्या देत शेताच्या बांधावरून पुढं जायचे.

आता त्या उंचीची भानगड सांगते, कारण ती माझ्या इच्छेविरुद्ध मला तोंडपाठ झालीय. मागच्या प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्यावर आटे पाडलेली एक कडी असते. कडी खाली फिरवली की गाडीचं बूड वर येतं, वर फिरवली की खाली बसतं. बाहेरून हात पोचत नाही. म्हणून गाडी जॅकवर उचलायची, खाली लाकडाचे ठोकळे लावायचे, चाक काढायचं, शॉकअपचा खालचा बोल्ट सोडायचा, मग स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते. चंद्रकोरीसारखा वाकडा पाना घालून कडी फिरवायची. तेवढीच दुसऱ्या बाजूला फिरवायची, नाहीतर गाडी लंगडते. शहाणा माणूस हे एकदा करतो आणि विसरून जातो. मालक दर प्रवासाच्या आधी करायचे.

त्यांचा हिशेब असा, की चाक आणि वरची पत्र्याची कमान यांच्यात आडवी दोन बोटं जातील एवढीच फट पाहिजे. कमी असली तर चाक घासतं, जास्त असली तर गाडी उभी दिसते. पण मागं माणसं बसली की गाडी दबते. मग रिकाम्या गाडीची फट किती ठेवायची? ते माणसांवर अवलंबून. म्हणून आधी माणसं कळली पाहिजेत, म्हणजे किती दबणार ते कळेल, म्हणजे किती उचलायची ते कळेल. ऐकायला अगदी बिनचूक वाटतं. मलाही पहिले काही महिने वाटलं. माणूस पुरता चक्रम आहे हे कळायला वेळ गेला तो त्यामुळंच.

यातून गावातल्या प्रत्येक माणसाचं माप तयार झालं. कुणी पाऊण बोट, कुणी एक, कुणी सव्वा. मालकांना माणसाचं आडनाव आठवलं नाही तरी बोट आठवायचं. आमच्या गल्लीतले एक अवाढव्य गृहस्थ वारले. मातीला गेलेली माणसं परत येत होती, सगळ्यांचे चेहरे पडलेले, आणि मालक माझ्या शेजारी उसासा टाकून म्हणाले, "गेला बिचारा. दोन बोटं माणूस हुता." मला तोंडात पदर कोंबावा लागला. लोकांना वाटलं म्याडमला फार लागलंय.

माझंही माप निघालं. नवीन होते तेव्हा त्यांनी मला भूमला सोडतो म्हणून बोलावलं आणि मागच्या सीटवर बसवलं. मला वाटलं आता निघायचं. मालक खाली उतरले, मागं जाऊन उकिडवे बसले, कमानीत हात घातला आणि भर गल्लीत ओरडून म्हणाले, "एक बोट आन् वर येक सूत. म्याडम दिसायला बारीक हायेत, पर भरीव हायेत." समोरच्या ओट्यावर तीन बायका शेंगा फोडत होत्या. त्या दिवसापासून माझ्या वर्गातली पोरं मी पाठमोरी झाले की बोट वर करायची. मी आठवडाभर मालकांशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ते गाडीखाली होते.

भाडेकरूला आणखी एक काम असायचं. उंची लावून चाक बसवलं आणि गाडी खाली सोडली की ती लगेच खरी बसत नाही, जरा उंचच राहते. चार हात पुढं आणि चार हात मागं नेली की मग बूड टेकते. त्यासाठी इंजिन सुरू करायचं नाही, ढकलायची, असा मालकांचा नियम. "येवढ्यासाठी कशाला इंजिन तापवायचं?" म्हणून मी, इतिहासाची शिक्षिका, शाळेत जायच्या इस्त्रीच्या साडीत, सकाळी सकाळी मोटार ढकलायची. पुढं, मागं, परत पुढं. मालक मागच्या चाकाशी बसून, "हां, आली. आली. बसली," असं गाय बांधल्यासारखं म्हणायचे.

असल्या माणसाबरोबर मावशींनी संसार केला, आणि कुरकुर करत का होईना, त्या गाडीत बसल्या. त्यांचं माप पाऊण बोट. सगळ्या मापांत हे एकच मालक आवाज खाली करून सांगायचे. मावशींनी गाडी सोडली ती एका दिवाळीला.

त्यांची एकुलती लेक सोनारीला दिलेली. त्या दिवाळीत लेकीचे सासू-सासरे पहिल्यांदाच ईटला राहायला आले. व्याही आले म्हटल्यावर मालकांना उधाण आलं. तेरखेड्याला जाऊन फटाके आणू, कारखान्याच्या दारातनं ताजे आणू, असा बेत ठरला. मागं व्याही, विहीणबाई आणि मावशी. मालकांनी आदल्या दिवशीच लग्नातले फोटो काढून विहीणबाईंचा अंदाज घेतला, एक बोट धरलं, आणि कडी फिरवून ठेवली. सकाळी सगळे नटूनथटून बसले. मालकांनी कमानीत हात घातला आणि त्यांचा चेहराच उतरला. बोटं आतच जाईनात.

एखादा माणूस गप्प बसला असता, हळू चालवली असती. मालकांनी सगळ्यांना उतरवलं. एकेकाला परत बसवलं. सगळी गल्ली गोळा झाली. विहीणबाई एकट्या बसल्या तेव्हा मालक उठून उभे राहिले आणि व्याह्यांना म्हणाले, "लग्नात येक बोट हुत्या की हो. आता पावणेदोन झाल्यात. आसं करू, विहीणबाईला घरी ठिऊ. न्हायतरी येताना फटाक्याचं वजन हुनारच हाय."

विहीणबाई जरीच्या साडीत गाडीतून उतरल्या, घरात गेल्या, पिशवी भरली. जेवणसुद्धा न करता ते दोघं एसटीनं सोनारीला गेले. दिवाळीच्या दिवशी. रात्री लेकीचा फोन आला, तिला रडण्यातून धड बोलता येत नव्हतं. सासूनं अबोला धरलेला, आणि त्यात तिची काय चूक? मावशींनी फोन ठेवला आणि मालकांसमोर उभ्या राहिल्या. "तुमी सोनारीला जाऊन विहीणबाईची माफी मागत न्हाय, तवर ह्या गाडीत माझा पाय पडायचा न्हाय."

"मोजलेलं खरं हुतं," मालक म्हणाले. "खऱ्याची माफी कशाची मागायची?"

झालं. त्या दिवसापासून मावशी लेकीकडं जायच्या ते लाल एसटीनं, भूमला गाडी बदलून, परंड्याला परत बदलून. मालक सोडतो म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत. शेवटी तोड निघाली ती अशी, की स्टँडपर्यंत मावशींची पिशवी गाडीत बसायची आणि मावशी गाडीच्या शेजारून चालत जायच्या. मालक खिडकीची काच खाली करून चालण्याच्या वेगानं गाडी हाकायचे. एकदा मी मावशींना म्हटलं, अहो पिशवी चालते तर तुम्ही का नाही? "पिशवीला कुनी मापलं न्हाय ना चारचौघांत," त्या म्हणाल्या.

मालक वरून कितीही ताठ असले तरी आतून पार खचले होते. उंची लावायचा उत्साह गेला. जॅक लावून तसेच गाडीशी बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "म्याडम, तुमचं ऐकती ती. सांगा की जरा. आरशात मागची शीट रिकामी दिसती, जीव लागत न्हाय गाडी हाकाया." मी म्हटलं, मग माफी मागा, सोपं आहे. त्यावर पुन्हा तेच, मोजलेलं खरं होतं. मला वाटलं याचं डोकं त्याच वाकड्या पान्यानं सोडून बघावं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी नाइलाजानं त्यांना चहा करून दिला.

दुसरी दिवाळीही तशीच गेली. मग पौषातल्या एका रविवारी सकाळी मावशी अंगणात आल्या आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आज तुमच्याच गाडीनं सोनारीला जाऊ. यष्टीच्या पायऱ्या चढवत न्हाईत मला आता."

मालकांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मी वरून गॅलरीतून ऐकलं आणि मलाही बरं वाटलं. सुटली एकदाची पीडा, म्हटलं. मावशी नरमल्या, असाच आम्ही दोघांनी अर्थ लावला. मालकांनी मला हाक मारून खाली बोलावलं, आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू. ठोकळे आले, जॅक आला, दोन्ही चाकं निघाली. एका माणसासाठी, एकट्या मावशींसाठी, कडी लावायची. "पाऊण बोट," मालक स्प्रिंग मांडीवर घेऊन पुटपुटत होते. "रिकामी पावनेतीन ठिवायची, ती बसली की बराबर दोन. दुसरं कुनी न्हाय आज. फकस्त ती." लग्न ठरलेल्या पोरासारखे दिसत होते. साठीतला माणूस असा लाजलेला मी दुसरीकडं पाहिला नाही.

गाडी खाली सोडली. मी ढकलली, पुढं, मागं. मालकांनी हात घालून बघितलं, पावणेतीन. मग त्यांनी दार उघडलं. मावशी बसल्या. पौषाची थंडी, मी शाल गुंडाळलेली, आणि त्या पदरानं वारा घेत होत्या. मी पुन्हा ढकलली. मालक उकिडवे बसले आणि कमानीत हात घातला.

"पुरती दबली न्हाय," ते म्हणाले.

मग स्प्रिंग अडकली असणार म्हणून मावशींना उतरवलं, बूड धरून गाडी हलवली, परत बसवलं, परत ढकलली. पुन्हा तेच. पत्रा जरासा खाली यायचा आणि तिथंच अडायचा. मालक चिडले. कडीला शिव्या घातल्या, पुण्याच्या त्या तरुणाला घातल्या. "म्याडम, तुमी बसा बरं." मावशी उतरल्या, मी बसले, आणि गाडी झकास खाली गेली. एक बोट आणि वर एक सूत, जशी जायला हवी तशी. मी उतरले. पुन्हा मावशी बसल्या. गाडी तिथंच.

मालक चाकाशी बसून राहिले. हात अजून कमानीत होता. मावशी आतून म्हणाल्या, "झालं का मापून? का आजून धिंडवडे काढायचेत?" मी वाकून बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्याडम," ते अगदी हळू म्हणाले, "ही अर्धं बोटसुदीक न्हाय. बाकीची कुठं गेली?"

तेव्हा मी मावशींकडं नीट बघितलं. रोजची माणसं आपण बघत नाही, ती असतातच म्हणून सोडून देतो. नऊवारीच्या घोळात आणि पदरात त्या तशाच दिसायच्या. जेवायच्या तर दुप्पट, मला वाटायचं तब्येत सुधारतीय. आता दाराला धरलेला त्यांचा हात बघितला, तो सारखा थरथरत होता आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

"आपन सोनारीला न्हाय, बार्शीला जाऊ," मालक उठत म्हणाले. "दवाखान्यात."

"कशापायी? मला काय झालंय?"

"गप बस," मालक म्हणाले, आणि त्यांनी मागचं दार लावून घेतलं. मी पुढं बसले, मावशी मागं आडव्या झाल्या. जॅक, ठोकळे, पाना सगळं अंगणात तसंच पडलं. चाकांचे नट आवळलेत का एवढं मी दोनदा विचारून घेतलं, कारण त्यांचा काही भरवसा नव्हता.

त्या दिवशी त्यांनी एकही उंचवटा तिरका घेतला नाही. सरळ घालायचे. गाडी कुठंच घासली नाही. एरवी याच माणसानं पेढे वाटले असते. त्या दिवशी एकेक उंचवटा आवाज न होता गेला की ते आरशात मागं बघायचे आणि ओठ चावायचे. परंड्याचा फाटा मागं पडल्यावर मला म्हणाले, "येकदा तरी घासायला पायजे हुती."

बार्शीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी आत बोलावून सांगितलं, गळ्यातली थायरॉईड नावाची गाठ, म्हणजे ग्रंथी, नको तेवढं काम करतेय. त्यामुळं खाल्लेलं अंगी लागत नाही, उकडतं, हात कापतात, मांड्यांत जोर राहत नाही म्हणून पायऱ्या चढवत नाहीत. हृदयावरही ताण आलाय. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं, पण आता गोळ्यांनी आटोक्यात येईल. मग त्यांनी कौतुकानं विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं?"

"गाडीवरनं," मालक म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मला ते सगळं समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

"आणि यांची चिडचिडही होत असेल," डॉक्टर पुढं म्हणाले. "तीसुद्धा त्यामुळंच असते. हळूहळू कमी होईल."

मालकांनी मान वर केली. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हंजी म्याडम, दिवाळीचा राग सुदीक गळ्यातलाच आसंल." बायको मरणाच्या दारातून परत येतेय आणि हा माणूस हिशेब काय लावतोय. पण मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि मालकांनाही आलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघं वेड्यासारखे उभे होतो.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांकडं वजनाचा काटा होता, पण मालकांचा त्यावर विश्वास नव्हता. "काटा काय, कुनी बी खालीवर करतंय." दर महिन्याला ते मावशींना अंगणात उभ्या गाडीत बसवायचे. मी कुठं जायला बसत नाही, नुसती बसते, पाय पडला असं समजायचं नाही, असं बजावून मावशी मेथीची जुडी घेऊन बसायच्या. मी ढकलायची. मालक हात घालायचे. सुरुवातीला वाढ काही नाही. मग सूतभर. उन्हाळ्यात अर्धं झालं तेव्हा त्यांनी मला आत बोलावून साखर हातावर ठेवली. मावशींच्या गालावर मांस दिसायला लागलं, हात थरथरायचा थांबला, जिना चढून त्या वर माझ्याकडं चहाला यायला लागल्या.

श्रावण लागला तेव्हा माझी बदली ठरली होती. त्या महिन्यातलं माप मी अंगणात उभी राहून बघितलं. मालकांनी कमानीत हात घातला, काढला, पुन्हा घातला, आणि नाक ओढत म्हणाले, "पाऊण. भरली." मग उठून, घसा खाकरून, मागच्या दाराशी गेले. "आता गोळीनं राग बी उतरला आसंल. आज सोनारीला गाडीनं जाऊ का?"

मावशींनी मेथीचा शेवटचा देठ मोडला, जुडी पदरात घेतली आणि गाडीतून उतरल्या. "हात कापत हुते ते गाठीमुळं. घाम यायचा त्यो गाठीमुळं. राग माझा सोताचा हाय. त्यो गोळीनं जायचा न्हाय. मी यष्टीनं चालली."

आणि गेल्या. पिशवी स्वतः उचलून, ताठ, भराभरा. मला मालकांची कीव आली. मी सांत्वनाचं काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते तोंडभर हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "ऐकलं का म्याडम? तीच हाय. सगळी परत आली."

मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, गाडीत बसले आणि एसटीच्या मागं निघाले.

संध्याकाळी मी गॅलरीत सामान बांधत होते. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला, चाक पत्र्यावर घासल्याचा, सगळी गल्ली दारात आली एवढा. मागच्या सीटवर मावशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, सीट भरून, विहीणबाई. मालक उतरले, मागच्या चाकाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, दार उघडलं, आणि जमलेल्या गल्लीसमोर वाकून विहीणबाईंच्या पाया पडले.